दगडी पाला विरुद्ध पाइन

‘मेंढपाळांमध्ये हजारो वर्षांपासून रूढ असलेल्या दगडी पाल्याच्या अशास्त्रीय वापरामुळे मेंढ्यांच्या जखमा चिघळून त्या दगावतात, याउलट आमच्या केंद्राने विकसित केलेल्या पाइन मलमाने त्याच प्रकारच्या जखमा पूर्णपणे भरून येतात, हे माण तालुक्यात जानेवारी महिन्यात घेतलेल्या तुलनात्मक चाचणीतून निर्विवाद सिद्ध झाले आहे.’

हे वाक्य सातारच्या सह्यबिंदू औषधी संशोधन केंद्राचे. ते अहवालाच्या पहिल्या पानावर होते, वर्तमानपत्रांना पाठवलेल्या पत्रकात होते आणि आटपाडीच्या शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात लावलेल्या हातभर रुंदीच्या पोस्टरवरही होते. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. वल्लरी भावे यांनी ते तिन्ही ठिकाणी वाचले, आणि प्रत्येक वाचनागणिक त्यांचा आवाज थोडा थोडा खाली येत गेला. त्यांच्या विद्यार्थ्यांना या लक्षणाची ओळख होती. बाई ओरडत असल्या की काळजीचे कारण नसे. बाई हळू बोलू लागल्या की आपापल्या वह्या मिटून घ्याव्यात.

‘निर्विवाद’ हा शब्द त्यांनी बाजूला ठेवला. त्याचा समाचार शेवटी घेता आला असता. सुरुवात ‘हजारो वर्षांपासून’ इथून केली. दगडी पाला, म्हणजे बांधावर, रस्त्याकडेला, देवळाच्या पायरीच्या फटीत कुठेही पसरणारी, खरखरीत पानांची आणि एकाच लांब दांडीवर पिवळसर फूल उभे करणारी ती वनस्पती, सूर्यफुलाच्या कुळातली. तिचे मूळ घर अमेरिका खंडात. ती समुद्र ओलांडून इकडे आली त्याला काही शतके झाली असतील, हजारो वर्षे खचितच नाहीत. तेव्हा हजार वर्षांपूर्वीचा माणदेशी मेंढपाळ जो पाला जखमेवर चोळत होता, तो त्याने बहुधा स्वप्नात तोडला असावा. अंधश्रद्धेला निदान श्रद्धेचा विषय तरी समोर लागतो. केंद्राच्या विद्वानांनी तीही अट शिथिल केली होती.

मग ‘माण तालुक्यात जानेवारी महिन्यात’. दिवाळी आटोपली की माणचे मेंढपाळ घोड्यांवर बिऱ्हाड लादून मेंढरांसह बाहेर पडतात. कोणी घाट उतरून कोकणात जातो, कोणी कृष्णाकाठच्या ऊस तुटलेल्या रानांत मेंढ्या बसवतो. शेतकऱ्याला खत मिळते, मेंढ्यांना चारा मिळतो, आणि पावसाच्या तोंडावर कळप घरी परततो. हे दहिवडीच्या स्टँडवर चहा विकणाऱ्यालाही विचारावे लागत नाही. ते त्याच्या डोळ्यांसमोरून जाते. जानेवारीत माणमध्ये म्हातारी माणसे असतात, आजीजवळ राहून शाळेत जाणारी पोरे असतात, मुंबईहून यात्रेसाठी रजा टाकून आलेले चार गडी असतात. मेंढी नसते. केंद्राने जिथे मेंढीच नव्हती तिथे जखमा केल्या होत्या, भरल्या होत्या आणि मोजल्याही होत्या.

एवढ्यावर वल्लरीबाई नुसत्या हसल्या असत्या. खोटे अहवाल त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिले होते. एखाद्याचा शेवट तर निवृत्तीच्या सत्कारात झालेलाही पाहिला होता. पण अहवालाच्या आधारसूचीत त्यांचे स्वतःचे नाव होते.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्यांनी मेंढपाळांच्या औषधी वनस्पतींवर प्रबंध लिहिला होता. त्यासाठी दोन हिवाळे त्या एका कळपाबरोबर कृष्णाकाठी हिंडल्या होत्या. त्या प्रबंधातले एक वाक्य असे होते: ‘जखमेत किडे असताना दगडी पाल्याचा रस लावल्यास वरून खपली धरते व आत जखम चिघळते, म्हणूनच मेंढपाळ आधी टर्पेंटाईनने किडे बाहेर काढतात, आणि मगच पाला लावतात.’ अहवालात ते असे आले होते: ‘दगडी पाल्याचा रस लावल्यास वरून खपली धरते व आत जखम चिघळते, असे भावे यांनीही नोंदवले आहे.’

डोके उडवले होते, पाय तोडले होते, आणि उरलेल्या धडाला साक्षीदार म्हणून उभे केले होते.

त्यांना सर्वांत जास्त झोंबले ते कापण्यातले कौशल्य. अडाण्याने कापले असते तर कुठेतरी एखादे ‘म्हणून’ लोंबत राहिले असते. इथे बरोबर सांध्यावर सुरी चालली होती. ज्याला कुठे कापायचे हे कळते, त्याने वाक्य पूर्ण वाचलेले असते. आणि पूर्ण वाचले की कळतेच, की ही तुलना मुळात होऊच शकत नाही. टर्पेंटाईन कशाचे? पाइनच्या राळेचे. हिमालयातल्या त्या सूचिपर्णी झाडाचे तेल माणदेशी मेंढपाळाच्या झोळीत कित्येक वर्षांपासून आहे. आधी पाइन, मग पाला. एकाने किडे बाहेर येतात, दुसऱ्याने जखम भरते. केंद्राचा वाद नांगरट थोर की पेरणी थोर या जातीचा होता, आणि पेरणीच्या वाट्याला न नांगरलेली जमीन देऊन ‘पीक का आले नाही’ असे विचारणारा शास्त्रज्ञ सातारला खुर्चीवर बसला होता. त्याचे नाव डॉ. सौमित्र आगाशे. वल्लरीबाईंच्या बरोबरीने शिकलेला, केंद्राचा संचालक, शिवाय शहरातल्या प्राणिमित्र मंडळाचा अध्यक्ष.

*

पोस्टर त्यांच्यापर्यंत आणले ते तानुबाई गोरड हिने. प्रबंधाच्या वेळी ज्या कळपाबरोबर वल्लरीबाई हिंडल्या, तो तिचा. फाल्गुनातल्या एका दुपारी तानुबाई आणि तिचा दीर तात्याबा दोघे बसने विश्रामबागेत उतरले आणि थेट प्रयोगशाळेत आले. तानुबाईने काखेतली सुरळी काढून, मुलांनी फुले चिरायला ठेवलेल्या टेबलावर सरळ पसरली.

डाव्या बाजूला तानुबाईचा चेहरा होता. कोणीतरी ती बोलत असताना टिपलेला, तोंड अर्धे उघडे, डोळे वटारलेले. वर लाल अक्षरांत ‘अशास्त्रीय’. उजव्या बाजूला एक पांढरी, तपकिरी ठिपक्यांची माडग्याळी मेंढी, मागच्या पुठ्ठ्यावरची जखम सुकलेली, आणि वर हिरव्या अक्षरांत ‘पाइन मलम’. कोपऱ्यात मलमाचा डबा. डब्यावर पाइनची फांदी आणि तिला लागलेले टपोरे पिवळे फूल. पाइनला फूल येत नाही हे नववीच्या पुस्तकात असते. चित्रकाराने ज्याला हरवायचे होते त्याच्याच कुळातले एक फूल आणून विजेत्याच्या डोक्यावर खोवले होते.

“बाई, वाचून दावा,” तानुबाई म्हणाली. “ह्यो तात्याबा वाचतोय, पर गाळून वाचतोय. मला कळतंय.”

“गाळत न्हाई वैनी, अक्षरंच बारीक हाय,” तात्याबा पुटपुटला.

“व्हय की! माझं त्वांड मोठं आन अक्षर बारीक. लय श्याना कारागीर हाय.”

वल्लरीबाईंनी वाचले. काही गाळले नाही. तिच्या हातच्या उपचाराने मेंढ्या मेल्या, असे पोस्टरवर तिच्या नावानिशी लिहिले होते.

तानुबाई ऐकत असताना टेबलावरची एक पाकळी बोटाने मागेपुढे सरकवत होती. मग म्हणाली, “आदी मेंढरू दुखावलं की कुठं कुठनं मानसं यायची. तानुआक्का, चल, बग. लगनात जेवायला बसले असले तरी उठवून न्यायची. आता बाजारात मी दिसली की वाट बदलत्यात. परवा माज्या सख्ख्या भाच्याच्या मेंढीला कुत्र्यानं फाडलं. मी गेली, तर म्हनतोय, ऱ्हाऊ दे मावशे, डाक्टर येतोय. डाक्टर आला न्हाई, मेंढी गेली. मला हात लावू दिला न्हाई बाई त्यानं. त्याचं बारसं मी केलंय.”

“आन हे म्हागारी जायच्या वक्ताला समद्या गावांत लागनार हाय,” तात्याबाने भर घातली. “जत्रंत बी. तितं त्येंची मानसं म्हनत हुती.”

“मी मेली तरी भिताडावर त्वांड वासून ऱ्हाईन,” तानुबाई म्हणाली. “मला दुसरं काय नगं. माझं त्वांड तितनं काडा, आन मेंढरं मी मारली न्हाईत येवडं त्येंच्याच त्वांडानं म्हना म्हनावं.”

वल्लरीबाईंनी विचारले, “पण तुम्ही टर्पेंटाईन न घालता पाला लावलाच कसा?”

हा प्रश्न त्यांनी शास्त्रीय कुतूहलाने विचारला होता. उत्तर ऐकून त्या खुर्चीवर बसल्या.

“तुमी सांगितलं म्हून.”

“मी?”

“तर वो. नदीकाठच्या रानात बसलो हुतो, तितं गाडी आली. सायब सोता हुता, सोनेरी काडीचा चष्मा. म्हनला, भावेबाईंचं काम हाय, त्येंच्याच पुस्तकातलं. तुमचं नाव घेतलं म्हून मेंढरं दिली. निम्मी त्येंनी पल्याडच्या हिरीवरच्या पत्र्याच्या शेडात नेली, निम्मी माझ्याकडं ठिवली. मी टरपिनची बाटली काडली तर त्येंच्या पोरांनी काडून घेतली. आक्का, नुस्ता पाला लावा, आपल्याला पाल्याचा गुन बघायचाय. मी शिव्या घातल्या. म्हनली, किडं आत हाईत, वरनं झाकून काय करताय, मढं झाकत्यात तसं? तर पोरं म्हनली, बाईंनीच सांगितलंय.” तिने बोटाखालची पाकळी बाजूला सारली. “मग लावला.”

तात्याबा खिडकीबाहेर बघू लागला.

वल्लरीबाईंच्या मनात त्या वेळी जे उसळले त्याला दुःख म्हणणे सोपे होते, आणि ते खोटे ठरले असते. त्यांच्या नावाने एका बाईला तिच्याच हाताने तिची जनावरे मारायला लावले होते, मग त्यांच्याच वाक्याचे धड उभे करून तिला खुनी ठरवले होते. दोन हिवाळे या बाईने त्यांना आपल्या पालात झोपवले होते, स्वतःच्या घोंगडीवर. सौमित्रने ओळख नेमकी वापरली होती. विद्वानांच्या जगात याला संदर्भ देणे म्हणतात.

त्या पुन्हा पोस्टरवर वाकल्या. आता डाव्या बाजूला पाहवत नव्हते म्हणून उजवीकडे पाहिले, आणि पाहतच राहिल्या. मेंढीच्या पुठ्ठ्यावर सुकलेल्या जखमेच्या भोवती पांढऱ्या लोकरीवर एक डाग होता. कडेला हिरवट, मधे काळपट, बोटांनी दाबून पसरवल्यासारखा. छपाई चांगल्या कागदावर होती. केंद्राने खर्चात कुचराई केली नव्हती. तो रंग वल्लरीबाईंना ओळखायला भिंग लागले नाही. दोन हिवाळे तो त्यांच्या नखांत होता.

“ही कुणाची मेंढी?”

तानुबाईने मान वाकडी केली. “आवं, ही माझी ठिपकी! ही त्येंनी पत्र्यात नेल्यापैकी.”

“तिकडं तुम्ही गेला होता?”

“जाऊ देत नव्हती. दार लावलेलं.”

“पाला तिकडं कोणी लावला?”

तानुबाईने पोस्टरकडे पाहिले, मग बाईंकडे. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रागाच्या आधी आश्चर्य आले. “आयला,” ती म्हणाली. “माज्या बिऱ्हाडामागच्या बांधावरला पाला वरबाडून नेला हुता त्या पोरांनी. मला वाटलं सशाला घालत्यात.”

*

सौमित्र आगाशेने वल्लरीबाईंना आपल्या खोलीत बसवले, कंदी पेढ्यांचा डबा पुढे केला आणि खुर्ची मागे रेलून म्हणाला, “किती वर्षांनी गं! सांगलीकरांना साताऱ्याची आठवण झाली म्हणायची.” खिडकीत कुंडीतले ख्रिसमसचे झाड होते. भिंतीवर प्राणिमित्र मंडळाची मानचिन्हे होती. एकात तो वासराला कवटाळून उभा होता, आणि वासराला ते फारसे आवडलेले दिसत नव्हते.

“माझे वाक्य तू कापलेस,” वल्लरीबाई म्हणाल्या.

“संपादन केलं. शब्दमर्यादा असते, तुला माहीत आहे.”

“त्या मर्यादेत ‘हजारो वर्षांपासून’ बसले. ‘म्हणूनच’ तेवढे बसले नाही.”

“अगं, तू अजून तशीच आहेस!” तो मनापासून हसला. “मास्तरांच्या चुका काढायचीस तशी. पोस्टर म्हणजे प्रबंध नव्हे. मेंढपाळाला एक काळं आणि एक पांढरं दाखवावं लागतं.”

“चाचणी माणमध्ये झाली नाही.”

“निधी माणसाठी होता. मेंढ्या माणच्याच ना? माणूस कामाला मुंबईला गेला म्हणून त्याचं गाव बदलतं का?”

उत्तर वाईट नव्हते. वल्लरीबाईंनी ते मनातल्या मनात मान्य केले. हुशार माणसाच्या लबाडीत एवढी तरी कारागिरी असावी. मग त्यांनी पोस्टर उलगडले आणि डागावर बोट ठेवले.

सौमित्रने चष्मा वर सारला. “गवत असेल. चरताना लागलं असेल.”

“मेंढी पुठ्ठ्याने चरत नाही, सौमित्र.”

मग त्याने पेढ्यांच्या डब्याचे झाकण लावले. आवाज आता अधिक गोड झाला होता. “हे बघ. पुढच्या टप्प्याच्या अहवालात तुझं नाव माझ्या बरोबरीने येईल. त्या बाईंनाही आपण बोलावू, शाल-श्रीफळ देऊ, पारंपरिक ज्ञानाची जतनकर्ती म्हणून. फोटोही चांगला काढू.”

“एका भिंतीवर खुनी आणि दुसऱ्या भिंतीवर जतनकर्ती?”

“लोक दोन भिंती एकत्र वाचत नाहीत.”

“पोस्टर काढ. आणि मेंढ्या का मेल्या ते लिहून दे.”

“पोस्टर निघालं की योजना थांबते, वल्लरी. मलम गावोगाव जायचं आहे. एका धनगरणीच्या मानापमानासाठी?”

वल्लरीबाईंनी त्याच्याकडे पाहिले. हा माणूस विद्यार्थिदशेत बेडूक कापताना डोळे मिटून घ्यायचा आणि त्याचे बेडूक वल्लरीबाई कापून द्यायच्या. लोक त्याला कोमल हृदयाचा म्हणत. त्यालाही ते पटले होते. इतके पटले होते की त्या कोमलपणाला आपल्या हाताने झालेले काहीच दिसू नये, अशी व्यवस्था त्याने आयुष्यभर करून ठेवली होती. कापायचे काम नेहमी दुसऱ्याने करायचे.

“आता समितीपुढे हरकत घेते. सुनावणीला ये,” त्या म्हणाल्या, इतक्या हळू की त्याला पुन्हा विचारावे लागले.

*

योजनेवर देखरेख करणाऱ्या सल्लागार समितीने वल्लरीबाईंची हरकत ऐकायला घेतली ती चैत्रात, साताऱ्याच्या एका सरकारी इमारतीत. अध्यक्ष निवृत्त कर्नल मानसिंग जगदाळे होते. ते लष्करात जनावरांचे डॉक्टर होते; सीमेवरच्या खेचरांच्या जखमा शिवण्यात त्यांची हयात गेली होती आणि माणसांशी बोलतानाही ते आधी चारी बाजूंनी फिरून पाहत. कोपऱ्यात कार्यवृत्त टंकणाऱ्या मंगलताई बसल्या होत्या. तानुबाईला खुर्ची दिली तेव्हा तिने ती आधी सौमित्रच्या समोर ओढून घेतली, मग बसली.

सौमित्रने पडद्यावर आलेख दाखवले. पाल्याची रेघ खाली जात होती, पाइनची वर. रंग सुंदर होते.

“डॉक्टरसाहेब,” कर्नल म्हणाले, “टर्पेंटाईन मी पिंपांनी वापरलंय. किडे काढतं, एकदम फर्स्ट क्लास. पण जखम भरत नाही त्यानं. रोज चोपडलं तर मांस भाजतं. तुमचं मलम भरूनही काढतं म्हणता. त्यात काय आहे?”

“सूत्र गोपनीय आहे, सर.”

“मेंढीला माहीत असेल ना?”

मंगलताईंनी टंकणे थांबवून, हे लिहायचे का, अशा नजरेने पाहिले. कर्नलनी मान हलवून नको म्हटले.

वल्लरीबाई उभ्या राहिल्या. आदल्या रात्री त्यांनी दीर्घ निवेदन तयार केले होते. त्यात त्यांचे अख्खे वाक्य होते, दगडी पाल्याचे मूळ घर होते, मेंढरांच्या वाटा होत्या. ते त्यांनी टेबलावर पालथे ठेवले. समोरच्या माणसाकडे प्रत्येक तथ्याला एक उत्तर होते. त्याला तथ्य दाखवून उपयोग नव्हता. त्याला स्वतःचे चित्र दाखवायला हवे होते.

“डॉ. आगाशे, पाल्याच्या गटातल्या मेंढ्यांच्या जखमांत किडे होते. तुमच्याजवळ मलम होते. त्या मरत असताना तुम्ही ते का लावले नाही?”

“तो गट या बाईंच्या उपचाराखाली होता. आम्ही निरीक्षक होतो.”

“आन माजी बाटली?” तानुबाईने बसल्या जागेवरून विचारले. “ती निरीक्षन करायला नेली हुती व्हय?”

“चाचणीची शिस्त असते, बाई. एका गटात एकच औषध.”

“एकच औषध,” वल्लरीबाईंनी शांतपणे उचलून धरले. “हा नियम दोन्ही गटांना होता?”

“अर्थात.”

“म्हणजे पाल्याच्या गटात किडे मांस खात होते आणि तुम्ही पाहत राहिलात. पाइनच्या गटात, कर्नलसाहेब सांगतात त्याप्रमाणे, किडे गेले तरी जखमा उघड्या राहिल्या असणार. मलम चोपडले की जनावर भाजून तळमळणार. तिथेही तुम्ही पाहतच राहिलात. इतके दिवस. पत्र्याचे दार लावून. मला तुमच्या शिस्तीचे कौतुक वाटते. प्राणिमित्र मंडळाच्या अध्यक्षाकडे एवढे कठोर मन असेल असे वाटले नव्हते.”

सौमित्रच्या मानेवर लाली चढली. “हा वैयक्तिक आरोप आहे.”

“आरोप नाही. तुमचाच अहवाल वाचते आहे.”

“सर, मी जनावरांवर किती प्रेम—”

“परेम!” तानुबाई म्हणाली. ती ओरडली नाही. “आरं बाबा, तुज्यापरास कसाब बरा. त्यो एका घावात मोकळं करतोय. तू माजी कोकरावाली मेंढी आठ दीस किड्यांला चारलीस, आन वर तिचा फटू काडत हुतास. ती माज्याकडं बघत हुती रं. तुज्याकडं न्हाई बघितली, माज्याकडं बघितली. आन ह्या ठिपकीला पत्र्यात घालून भाजत बसलास. तुजी आई आसती तर तुज्या त्वांडात शेन घातलं आसतं तिनं.”

“मी भाजत बसलो नाही!” सौमित्र उभा राहिला. खुर्ची मागच्या भिंतीवर आदळली. चष्मा काढून त्याने हातात घेतला होता, आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. आयुष्यात ज्या एका गोष्टीची त्याला खात्री होती तिच्यावरच घाव बसला होता. खोटा म्हटले असते तर तो हसला असता, चोर म्हटले असते तर त्याने वकील दिला असता. कसाई म्हटलेले मात्र त्याला सोसेना. तो बोलला, भरभर, तानुबाईकडे बोट करून, सगळे एका दमात. आणि बोलून झाल्यावर, दोन-तीन श्वासांनंतर, आपण काय बोललो ते त्याच्या कानांपर्यंत पोहोचले.

पडद्यावर पाइनची रेघ अजून वर जात होती.

“सर,” तो अगदी वेगळ्या आवाजात म्हणाला, “हे कार्यवृत्तात घेऊ नये. भावनेच्या भरात...”

“मंगलताई, घेतलंत?” कर्नलनी विचारले.

“घेतलं, सर.”

“शब्दशः?”

“मी दुसरं घेतच नाही, सर.”

“सर, संदर्भ लक्षात घेतला पाहिजे,” सौमित्र म्हणाला. “त्यातलं एखादंच वाक्य घेतलं तर...”

वल्लरीबाई इतका वेळ उभ्याच होत्या. त्यांना वाटले होते की या क्षणी आपला राग उतरेल. तो उतरला नाही. ज्या कणवेने या माणसाने निम्म्या मेंढ्या वाचवल्या, त्याच कणवेला उरलेल्या निम्म्यांसाठी चार पावले चालून जाता आले असते; तानुबाईची बाटली तर त्याच्याच माणसांकडे होती. ती त्याने दिली नाही, कारण आलेखाला एक खाली जाणारी रेघ हवी होती. असल्या दयेला काय नाव द्यावे ते त्यांनी वाचलेल्या कोणत्याच पुस्तकात नव्हते.

“डॉ. आगाशेंची सूचना मला मान्य आहे,” त्या म्हणाल्या. “एखादेच वाक्य नको. सगळे घ्या.”

“पोस्टर आज उतरतील,” कर्नल म्हणाले. “आटपाडीचं आधी. त्या जागी जे आता ऐकलं ते लागेल, डॉक्टरसाहेबांच्या नावानं.”

“थांबा,” तानुबाई म्हणाली. “ह्यो काय बोलला त्ये मला नीट कळलं न्हाई, लय गडबडीनं बोलला. बाई, तुमी नगा सांगू. त्या लिवनाऱ्या बाईंनी वाचावं. आन गाळून नगं.”

मंगलताईंनी चष्मा सारखा केला आणि कुठेही आवाज न चढवता वाचून दाखवले:

“‘मी भाजत बसलो नाही! मलमाने किडे गेले, पण जखमा भरेनात, त्या मेंढ्या रात्रंदिवस तळमळत होत्या. ते बघत बसायला मी कसाई नाही. म्हणून मीच पोरांना सांगून पाइनच्या गटातल्या प्रत्येक मेंढीला दगडी पाला लावून घेतला, आणि त्या पाल्यानेच सगळ्या वाचल्या. या बाईंच्या मेंढ्या पाल्याने मेल्या नाहीत, त्यांची टर्पेंटाईनची बाटली मी काढून घ्यायला लावली म्हणून मेल्या, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.’”